ठरलेली खुर्ची

मुकुंदवाडीच्या थांब्यावर पैठणची एस्टी काही येत नव्हती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या नवरा-बायकोचं कारखान्याच्या कँटीनवरून वाजलं होतं आणि द्वारकाबाईंना ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

“अवो, वाटंल तिथं बसून जेवायचं सोडून ठरलेली खुर्ची कशाला मागितली?”

“सायबानं समद्यांला इचारलं, जेवायला खुर्च्या ठरवून देऊ का कुठंबी बसता. म्या सांगितलं.”

“रोज तीच तोंडं बघत जेवणार?”

“व्हय.”

“त्यापरीस आपल्या गावच्या पोरांत बसत जा की.”

“तिथं जागा नसती.”

“एवढ्या मोठ्या कँटीनमधी? येडी समजता का मला?”

“अगं, ती पोरं रिकाम्या खुर्चीवर टोपी ठेवतेत. म्हणतेत, कोणतरी येणार हाय.”

“कोण येतं मग?”

“कोणीच नाय.”

“कवापासून चाललंय हे?”

“विद्यापीठाचं नाव बदलू द्या म्हणलो, तवापासून.”

“कशाला बोलायला गेलते! गप बसता आलं नाय?”

“नाय आलं.”

“मग आता म्हणा, चुकलं.”

“चुकलं नाय तर कशाला म्हणू? खुर्ची ठरली की टोपी उचलावीच लागंल त्यांला.”

“आन् उचलून बोललेच नाय तर?”

“आधी बसू तर दे.”

एस्टी आली. बायको पुढच्या बाईशेजारी टेकली. द्वारकाबाईंनी खिडकी धरली आणि पिशवी शेजारी ठेवली. तो मधेच उभा राहिला.

“आता बसा की कुठंबी!” पुढून बायको ओरडली.

तो वाकून म्हणाला, “मावशी, इथं कोणी येणार हाय का?”

द्वारकाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.