बारा कोट, एकच पोट

तुम्हाला सांगते, बासरीवाल्याचं पोट शेहेचाळीस इंच असूच शकत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण! अहो, या हातांनी टेप लावलाय त्याला... तो बासरीशेजारी उभा राहिला तर आधी बासरी दिसते! पण आमचे हे म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नसतो, तुझा टेप सैल झाला असेल. माझा टेप? तीस वर्षं कोट शिवतेय, एका गिऱ्हाइकाला माप द्यायला दुसऱ्यांदा बोलावलेलं नाही, त्यावर तर दुकानाची अब्रू उभी आहे.

तर बँडवाल्यांचे बारा कोट, शनिवारी द्यायचे. मी मापं सांगितली, ह्यांनी कॉम्प्युटरात घातली. मापांची वही जावईबापूंनी आधीच रद्दीत दिलेली, म्हणे आता जमाना बदललाय. कापडावर कात्री टेकवून मी म्हटलं, ट्रम्पेटवाल्याचं काढा. शेहेचाळीस. झांजवाल्याचं? शेहेचाळीस. अहो, शेहेचाळीस एकट्या ढोलवाल्याचं, शेवटी मोजलेलं! मी म्हटलं, हे मशीन मापं गिळतंय. तर हे म्हणतात, एका बँडचे आहेत, जेवत असतील एकत्र.

जावईबापूंना फोन लावला, ते कॉम्प्युटरातलेच. म्हणाले, बंद करून चालू करा. केलं. शेहेचाळीस. नणंदबाई आल्या, मशीनवरची धूळ पुसली आणि म्हणतात कशा, वहिनी, तुम्ही त्याच्यासमोर फार ओरडता. मी ओरडते? माझं ऐकतंय कोण, म्हणून ओरडावं लागतं ना...

शेवटी दुरुस्तीवाला आला. ह्यांना म्हणाला, काका, एक माप घालून दाखवा. ह्यांनी घातलं, फाईलला नाव दिलं 'माप'. मशीननं विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, ती पुसून ही ठेवू का? ह्यांनी दाबलं 'होय'. बारा जणांच्या वेळी हेच! प्रत्येक जण आधीच्याच्या उरावर, आणि वर उरला ढोलवाला... आता दाखवण्याच्या नादात तोही गेला. दुरुस्तीवाल्यानं तासभर आत उकरलं आणि हात झटकले. पुसलेलं परत येत नाही, म्हणाला, सगळ्यांना पुन्हा बोलवा.

पुन्हा! माझ्या दुकानात! मी ह्यांच्यापुढे उभी राहिले, म्हटलं, "ते विचारत होतं ना? मग दर वेळी होय का म्हणालात?"

हे खाली बघत म्हणाले, "तीस वर्षांत मला कुणी विचारलं आणि 'नाही' म्हणून भागलं, असं झालंय का कधी?"

नणंदबाई खोकल्या. दुरुस्तीवाल्यानं ह्यांच्याकडे असं पाहिलं, जसा काही सख्खा भाऊच भेटला. मग खाली मान घालून पावती लिहिली, ह्यांनी मुकाट्यानं सही केली.

आता बसलेय एकेकाला फोन लावत, समोर ती पावती. तिच्यावर रकाना असतो, बिघाडाचं कारण. त्यात त्या मेल्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलंय... मालकीणबाई.