निळा हार

(भिवंडीतलं ख्रिस्ती कबरस्तान. मृतांच्या सणाची संध्याकाळ. मेणबत्त्या लावून लोक परतले आहेत.)

बाळाराम : निळा होता. प्लास्टिकचा. लाकडाच्या खुंटाला तारेनं बांधलेला.

माधवी : निळा हार आठवतोय, मामा. पण चर्चच्या आम्ही पोरींनी काल सगळ्याच कबरींवरचं प्लास्टिक उचललं. हार, फुलं, मेणबत्त्यांचे ग्लास. पोती भरून भंगारवाल्याला दिली, तो पुढे रिसायकलला देतो.

बाळाराम : कधी दिली?

माधवी : सकाळीच टेम्पो गेला. खऱ्या फुलांचा हार आणून देऊ का? गेटवर झेंडू मिळेल अजून.

बाळाराम : हार नको गं पोरी. माझी काशी कुठं हाय ते सांग.

माधवी : म्हणजे?

बाळाराम : बायको माझी. दगड कुठं लावलाय मी तिला. लाकडाचा क्रूस होता, तो वाळवीनं खाल्ला. खुंट उरला, त्याला पडघ्याच्या बाजारातनं आणून हार बांधला. गेटातनं आत आलो की निळं दिसायचं. सरळ चालत जायचो.

माधवी : तो खुंटही आम्हीच उपटला असेल. कुजकं लाकूड म्हणून.

बाळाराम : असेल.

माधवी : आठवून बघा ना. शेजारी कोण होतं? एखादं झाड?

बाळाराम : या कोपऱ्यात मातीच्या तीन कबरी हायेत, बिननावाच्या. त्यातली एक. पुरली त्या दिवशी मी कुठं शुद्धीत होतो? आन् आता तर तुम्ही झाडून सगळ्या सारख्याच केल्यात.

माधवी : फादरना विचारते मी.

बाळाराम : फादर नवीन हायेत. खड्डा खणला त्या पंढरीला ठाऊक होतं, तो पन गेला.

माधवी : मामा, चुकलं माझं. मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. पावसात हे प्लास्टिक नाल्यातून खाडीत जातं. देवानं पृथ्वी आपल्याला राखायला दिलीय, हे मीच उभं राहून वाचून दाखवलं.

बाळाराम : राखण मी पन करतो. वडप्याला, गोडाऊनची. कोनाची वस्तू हाय ते विचारल्याबिगर हात नाय लावत.

माधवी : चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपताना सूचना दिली होती हो. दर रविवारी.

बाळाराम : रविवारी माझी ड्युटी असते.

माधवी : मग घरचं कोणीतरी…

बाळाराम : घरात दोघंच होतो. ती गेली आन् बोलायचंच राहिलं. गेटवर ड्रायव्हर येतात, हिंदीत गेटपास मागतात, जातात. वर्षातनं एकदा इथं येऊन मनातलं बोलतो, तेवढंच.

माधवी : काय करू सांगा ना.

बाळाराम : तू वाईट न्हाय केलंस. काशी पन तुझ्यासारखीच. गोडाऊनात पॅकिंगला होती. पुठ्ठा एकीकडं, प्लास्टिकची पन्नी एकीकडं. कोनी पन्नी जाळली की भांडायची, देवाच्या हवेत विष कालवू नका म्हनायची. तो हार बघितला असता तर तिनंच उपटून टाकला असता.

माधवी : तरी तुम्ही बांधलात?

बाळाराम : खरी फुलं दोन दिवसांत सुकतात. मंग वर्षभर तिच्याजवळ कोन? हे तरी राहील म्हनलं.

माधवी : आपण इथे अबोली लावू. पाणी मी घालेन, दर रविवारी. आणि त्यांच्या नावाची पाटी करून घेऊ.

बाळाराम : कुठल्या कबरीवर लावशील?

माधवी : पाटी राहू दे मग. अबोली तरी?

बाळाराम : अबोली लाव. तिन्हींवर लाव. बाकीच्या दोघांचं पन कोनी येत न्हाय वाटतं. मेणबत्ती दिसत न्हाय.

माधवी : अंधार पडतोय, मामा. चला, वडप्याच्या रिक्षात बसवून देते.

बाळाराम : तू हो पुढं. मी बसतो जरा.

माधवी : कुठे बसणार?

बाळाराम : तिघांच्या मधी. थोडं मोठ्यानं बोलावं लागेल, बस. कुठं पन असली तरी ऐकू जाईल तिला.