साइडकारमधला चॅम्पियन

थांबा, आधी चहा घेऊ द्या, अंगात त्राण नाय. काल मी अन् रफिकभाई कन्नडच्या डोंगरात जीपची रेस बघायला माझ्या साइडकारच्या गाडीवर गेलो. चढावर साइडकारचं चाक सारखं उचलायचं, म्हणून रफिकभाई आत मांडीवर धोंडा घेऊन बसले. पोचलो तर रेस संपलेली. ज्याच्यासाठी गेलो तो चॅम्पियन बंद पडलेल्या जीपशेजारी एकटाच उभा.

"काका, खाली सोडता का?"

रफिकभाईंनी त्याला साइडकार दिली अन् माझ्यामागं बसले. पहिल्याच वळणाला त्यानं माझा गुडघा घट्ट धरला.

"हळू घ्या काका! दुसरा चालवत असला की मला लई भ्या वाटतं."

थकलेल्या रफिकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, आँखां बंद कर ले. आते वक्त मैं बी वोइच करा."