सोडलेली पकड

ठकूबाई : आडवं व्हऊ नका. भिंतीला टेकून बसा. पाणी देऊ?

सोनबा : पाणी नको. त्यानं मला सोडलं गो! खाली घेतलं, पाठ मातीला लागायला वीतभर ऱ्हायलेली, आन सोडलं!

ठकूबाई : बघितलं मी. सबंध गावानं बघितलं.

सोनबा : हनुमान जयंतीच्या आखाड्यात! सोनबा वस्तादावर पोटच्या पोरानं दया केली. पाठ लावली असती तर त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला असता मी. पण सोडलं?

ठकूबाई : तुमचे व्हट जांभळे पडलेले.

सोनबा : मला काय व्हतंय? मिसरूड फुटायच्या आधीपासनं जोर-बैठका मारतोय, मुदगल फिरवतोय. आपल्या कोंडाजीनं काय केलं? मुंबईला गिरणीत गेला, आन रजेवर येऊन कुडपणच्या चढावर येड्यावानी पळतोय. जीव तोडून पळायचं, मग चालायचं, परत पळायचं. ही काय मेहनत झाली? म्हणून तर बोललो, उतर मातीत, बघू कोणाचं अंग खरं.

ठकूबाई : मग? काय बघितलंत?

सोनबा : ताकद माझीच जास्ती. पहिल्या झटक्याला उचलून आपटला त्याला. उठला, हसला, परत आला. परत आपटला, परत उठला. थकतच नाय गो तो! आन माझ्या छातीवर कोणी पाटा ठेवल्यावानी झालं.

(कोंडाजी दारात येऊन उभा राहतो. अंगाला अजून लाल माती.)

कोंडाजी : पाटा? कुठं, बाबा? डावीकडं?

सोनबा : तू बोलू नको. जा इथनं.

कोंडाजी : तुमचा दम ऐकला मी. माझ्या कानाशीच होता. शिट्टी वाजावी तसा. आमच्या मिलच्या ग्राउंडवर एक गडी असाच आवाज करत खाली बसला. क्लबाचा मास्तर पाणी घेऊन धावला, तवर खलास. पहिलवान होता, बाबा. तुमच्याहून उंच.

सोनबा : काय बोलतोस?

कोंडाजी : मला वाटलं, माझ्याच हातात तुमी... हात आपोआप सुटले. दया कसली? डर लागला मला.

ठकूबाई : आजचं नाय हे, कोंडाजी.

सोनबा : ठकू!

ठकूबाई : आता गप ऱ्हावा तुमी. पावसाळ्यापासनं असेच भिंतीला टेकून झोपतात, रे. आडवं झालं का दम कोंडतो. विहिरीवरनं येताना मधीच थांबतात आन लोकांना सांगतात, पायात काटा गेला.

कोंडाजी : पावसाळ्यापासनं? आन आज मातीत उतरले? आये, तू उतरू दिलंस?

ठकूबाई : मारुतीची शपथ घातलेली मला. पोराला कळता कामा नये, म्हणून. वाटलं, पोराशीच तर खेळायचंय, व्हईल काय?

कोंडाजी : असली छाती घेऊन मला उचलून आपटलं तुमी?

सोनबा : आपटलं ना?

कोंडाजी : आपटलं. कंबर अजून ठणकतेय. एवढा जोर आमच्या क्लबात कोणाकडं नाय.

सोनबा : पण दम नाय. बोल की. तोंड का चुकवतोस?

कोंडाजी : दम नाय, बाबा.

सोनबा : हं.

कोंडाजी : सकाळच्या यष्टीनं महाडला जाऊ. डॉक्टरकडं.

सोनबा : सकाळी तालमीत पोरं येतात.

कोंडाजी : उद्या सुट्टी द्या. परवापासनं मी घेतो त्यांना. रजा हाय माझी.

सोनबा : पळवशील तू त्यांना त्या चढावर.

कोंडाजी : पळवीन. पण आधी बैठका. तुमी शिकवल्या तशा.

सोनबा : तुझी टाच उठते बैठक मारताना. किती सांगितलं, सुधारलास नाय.

कोंडाजी : मग उठली का ओरडा ना.

ठकूबाई : ओरडायचं नाय. हळू सांगायचं.

सोनबा : ठकू...

ठकूबाई : काय? दुखतंय परत?

सोनबा : नाय. माझं अंथरूण ह्या दाराशी घाल. इथनं तालीम दिसते.