चिमूटभर मीठ

केबिन रोडच्या गिरणीत शालू डबा घेऊन उभी होती, पण कान होते पुढच्या दोघींकडे.

"समिधा, निकेत लोणच्याच्या बरण्यांत गोगलगायी पाळतोय म्हणे?"

"समुद्रातल्या आहेत. फिशटँकमधली कीड खातात. त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून महिनाभर मी मोजून खारं पाणी करतेय. एक अंडं नाही."

"सासूबाईंना चालतं?"

"त्या रत्नागिरीच्या. गोगलगाय दिसली की मीठ टाकून मारायची. काल टाकलं चिमूटभर."

"मेल्या?"

"खाऱ्या पाण्यातल्या त्या, मरतायत कसल्या. सकाळी बरणीभर अंडी."

"अगंबाई. निकेत काय म्हणाला?"

"काय म्हणणार? आईच्या हाताला चवच वेगळी."