शून्य आकड्याची बेवडी

नाव इंगा फ्लेट, वय ४४ वर्षे, काम फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणे, राहणार डीअरनेस, ऑर्कनी बेटे, स्कॉटलंड. आज रविवारी चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मला नऊ वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोचत नाही. तळवे बधिर असतात, थकवा एकदम येतो, उकाड्यात एकाचे दोन दिसतात. बाहेरून यातले काही दिसत नाही. तशा दिवशी मी गाडी चालवत नाही.

काल दिराचे लग्न होते. आमच्याकडे लग्नात गरम दारूचे लाकडी भांडे हातोहात फिरते आणि ते रिकामे होऊ देत नाहीत. ऐंशी माणसे प्यायली. औषधे चालू असल्याने मी भांडे नुसते पुढे सरकवले.

सायंकाळी साडेसहाला हॉलमध्ये फार उकडू लागले. नाचताना मी दोनदा भिंतीवर व एकदा पाद्रीबुवांवर आदळले. म्हणून बाहेर माझ्या गाडीत जाऊन काचा खाली करून बसले. बहीण मला न्यायला येणार होती. चावी माझ्या पर्समध्ये होती, आणि आमच्याकडे पिऊन चावीसह गाडीत नुसते बसणेही गुन्हा आहे.

तेव्हा नवऱ्याचे काका मॅन्सी लिंकलेटर खिडकीशी आले. म्हणाले, "सूनबाई, चढलीय तुला!"

"काका, आजार आहे मला. माहितीय ना?"

"कुठंय? मला तर दिसत नाही! चांगली लालबुंद दिसतेस की."

त्यांनी पोलिसांना फोन लावला. दुसऱ्या हातात तेच भांडे होते.

शिपाई रेंडल आले. मी नळीत फुंकले, आकडा शून्य आला. त्यांनी यंत्र झटकले. पुन्हा शून्य. मग आवारातल्या पांढऱ्या रेषेवर चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला मी कुंपणात गेले.

"हे बघ, असं चालायचं," म्हणत काका भरले भांडे घेऊन, थेंबही न सांडता, रेषेवरून सरळ गेले आणि परत आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आले, हेही लिहून घ्यावे.

परवाना गेला तर माझे काम जाईल, त्याचीच मला भीती वाटते. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. काकांच्या मते पत्रही ठणठणीत दिसते.

आज ओळी दुहेरी दिसत असल्याने जबाब शिपाई रेंडल यांनी मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. बोटे बधिर असल्याने सही वाकडी आली आहे. ती पाहून शिपायांनी पुन्हा नळी पुढे केली. मी फुंकले. शून्य.