हात लावायचा न्हाई

हसू नका, पण स्नोबोर्डवरची उडी मी आमच्या मुरुडात शिकलो, सोयाबीनच्या भुसकटावर. गुलमर्गच्या कोर्सला नंबर लागला होता, आणि बर्फ म्हणाल तर तोवर रसवंतीतलाच पाहिलेला. मग सायकलच्या ट्यूबनं पाय फळीला बांधायचे, ढिगावरून घसरायचं, हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि दणकन आपटायचं.

आई दरवेळी उचलायला पळत यायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "हात लावू नको गं. पडलेल्यानं आपलं आपण उठायचं, तरच माणूस शिकतो. आमचे कोर्सचे सर फोनवर तेच सांगतेत."

माझे वडील, आबा, बाजेवर बसून ऐकत होते. लकवा मारल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलेलं. उठवायचं, बसवायचं आम्हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धप्प आवाज झाला. आबा बाजेवरून खाली पडले होते. मी पळत गेलो तर डावा हात वर करून म्हणाले, "थांब. हात लावायचा न्हाई. तूच म्हणलास की काल."

मी थांबलो. आईलाबी थांबवलं. आबांनी कोपर टेकवला, बाजेचा पाय धरला, डावा गुडघा वर घेतला आणि परत घसरले. असं लई वेळ चाललं. ऊन अंगणात आलं तरी आबा तिथंच.

शेवटी माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उचल रे आता."